भाड्याने दिलेल्या घरावर बँकेची नोटीस आली आहे

प्रश्न
घर आईबाबांचं. बाबा गेल्यावर माझ्या आणि भावाच्या नावावर झालं. भावाच्या धंद्यासाठी ते तारण ठेवून कर्ज काढलं, मी सहकर्जदार आहे. आई माझ्याकडे राहते आणि घर भाड्याने दिलंय. भाड्यातून हप्त्याचा बराचसा भाग निघायचा, वरचे पैसे भाऊ घालायचा. त्याचं काम बसलं, हप्ते थकले, आणि तो कुणाकडे बोलला नाही.

परवा भाडेकरूने रजिस्टर पोस्टाच्या पाकिटाचा फोटो पाठवला. "ताई, दोघांचं नाव आहे, उघडू का?" आत सरफेसी कायद्याच्या (कोर्टात न जाता बँकेला तारण विकून कर्ज वसूल करू देणारा कायदा) कलम १३(२) ची नोटीस. थकलेत थोडेच हप्ते, पण मागितलंय सगळं कर्ज, ६० दिवसांत. साठाव्या दिवशी कुलूप लागतं का? दोन हप्ते भरले तर थांबेल का? भाडेकरूंचा लिव्ह अँड लायसन्सचा करार संपत आलाय, मुलगी दहावीला आहे. करार वाढवून देऊ ना? आईला अजून काही सांगितलेलं नाही. झोप उडाली आहे.

प्रतिसाद १
ताई, बँकेच्या वसुली विभागातून निवृत्त झालोय, म्हणून स्पष्ट लिहितो. साठाव्या दिवशी कुणी कुलूप लावत नाही. ६० दिवसांनंतर बँक १३(४) खाली ताबा घेऊ शकते. बहुतेक वेळा आधी प्रतीकात्मक ताबा असतो: दारावर नोटीस डकवतात आणि दोन वर्तमानपत्रांत छापतात. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक सहसा कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. पण म्हणून स्वस्थ बसू नका. ६० दिवस नोटिशीच्या तारखेपासून धरतात, पाकीट हातात पडल्यापासून नाही.

दोन हप्त्यांनी भागणार नाही. ९० दिवसांपेक्षा जास्त थकलं की खातं एनपीए (थकीत, अनुत्पादक कर्ज) होतं, आणि सगळी थकबाकी भरल्याशिवाय ते पुन्हा नियमित होत नाही. थकबाकीचा नेमका आकडा लेखी मागा. दंडापोटी काय लावलंय तेही बघा.

आणि नोटिशीला उत्तर द्याच, पोच घेऊन. भाडं किती येतं, थकबाकी कधीपर्यंत भराल, सगळं लिहा. म्हणणं मान्य नसेल तर बँकेला १५ दिवसांत कारणं कळवावी लागतात. शाखेत तोंडी झालेल्या बोलण्याला काही किंमत नसते.

प्रतिसाद २
मी दुसऱ्या बाजूने लिहितेय. आमच्या मालकांनी अशीच नोटीस लपवली होती. दारावर कागद डकवलेला शेजारच्या काकूंनी पाहिला, तेव्हा आम्हाला कळलं. अनामत परत मिळवताना नाकी नऊ आले. त्या माणसांना आजच सांगा. अनामत कधी आणि कशी परत देणार तेही सांगा. मुलीची परीक्षा होईपर्यंत राहता येईल असं वचन देऊ नका, ते तुमच्या हातात नाही. खरं कळलं तर ती निदान दुसरं घर बघायला लागतील.

प्रतिसाद ३
करार वाढवण्याआधी थांबा! १३(२) ची नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय तारण घर विकता किंवा भाड्याने देता येत नाही. आधी संमती मागा. तारणानंतर बँकेला न विचारता केलेल्या कराराचा भाडेकरूलाही फारसा आधार नसतो.

थकबाकी जमणारच नसेल तर बँकेची संमती घेऊन घर स्वतः विका. लिलावात बहुधा भाव पडतो. आणि लिलावाची जाहीर सूचना निघाली की कर्ज फेडून घर सोडवण्याचा हक्कही संपतो. १३(४) ची कारवाई झाली तर ४५ दिवसांत डीआरटीकडे, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे, दाद मागता येते. त्यासाठी आत्ताच वकील गाठून ठेवा, अशी प्रकरणं रोज चालवणारा.

प्रश्नकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. भाडेकरूंशी काल बोलले. त्यांच्या घरातल्या वहिनी गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "आधी सांगितलंत ते बरं केलंत." भाडं आता थेट कर्जखात्यात भरायला त्यांची हरकत नाही. भावाला बँकेची सगळी कागदपत्रं घेऊन बोलावलंय, उत्तर आम्ही दोघांच्या सहीने देतोय. आईला सांगायचं तेवढं राहिलंय. ते भावानेच सांगावं असं मला वाटतं, मी शेजारी बसेन.

काका, एक विचारायचं आहे: उत्तर शाखेत द्यायचं, की नोटिशीवर सही असलेल्या अधिकाऱ्याच्या नावाने?

प्रतिसाद १
सही असलेल्या अधिकाऱ्याच्या नावाने, नोटिशीवरच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने. एक प्रत शाखेत देऊन शिक्का घ्या. पोस्टाची पावती जपून ठेवा.