सकाळची साखर : जेवण बंद करण्याआधी हे बघा

आईंचं रात्रीचं जेवण नुसतं कपभर दुधावर आणलं, तरी सकाळी उपाशीपोटीची रक्तातली साखर १७० येते, असं तुम्ही लिहिलंय. त्यावर ‘दूधही बंद करा’ हा सल्ला वाचून राहवलं नाही. त्या ग्लिमेपिराइड, म्हणजे साखर उतरवणारी मधुमेहाची गोळी, घेतात ना? मग कृपया असं करू नका. त्या गोळीवर उपाशी झोपलं तर रात्रीत साखर धोकादायक उतरू शकते.

पहाटे शरीरातली कॉर्टिसोल, ग्रोथ हार्मोन ही संप्रेरकं वाढतात आणि यकृत स्वतःच साठ्यातली साखर रक्तात सोडतं. इन्सुलिन कमी पडलं की ती तशीच राहते. म्हणजे न खाताही आकडा चढतो.

दोन-तीन रात्री झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्यावर, अशी साखर तपासा. झोपतानाच जास्त असेल तर जेवण किंवा औषध बघायला हवं. तीनला ठीक आणि सकाळी जास्त, तर हा पहाटेचाच चढ. तीनला ७०च्या खाली दिसली तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा आणि सकाळीच डॉक्टरांना फोन करा; डोस जास्त होत असू शकतो. हात मात्र साबणाने धुऊन, कोरडे करूनच टोचा, बोटाच्या कडेला. फळ चिरलेल्या हाताने आकडा उगाच फुगतो.

तोवर भाकरी, भाजी, वरण असं साधं जेवण आठच्या आत द्या, नंतर थोडी शतपावली. गोळीची वेळ, डोस डॉक्टरच ठरवतील. ही नोंद त्यांना दाखवा.