वाचनगटासाठी पुढचं पुस्तक सुचवा : पातळ हवं, पण दोन तास बोलता येईल असं

सोनटक्का

नमस्कार मंडळी. ठाण्यात आमचा छोटासा वाचनगट आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो, ठरलेल्या पुस्तकावर बोलतो, मग चहा-पोहे. गटात सगळ्या तऱ्हेची माणसं आहेत. बँकेतून निवृत्त झालेले काका, दोन शिक्षिका, कॉलेजातली दोन मुलं, आणि इंग्रजी माध्यमात शिकल्यामुळे मराठी जरा सावकाश वाचणारे तिशीतले दोघं-तिघं. एका काकूंना बारीक टाइप आता वाचवत नाही.

अडचण अशी, की गेल्या काही महिन्यांत घेतलेली पुस्तकं चांगली होती, पण चर्चा अशी झालीच नाही. "भाषा सुंदर आहे", "शेवटी डोळ्यांत पाणी आलं", आणि सगळ्यांनी माना डोलावल्या की संपलं. मला असं पुस्तक हवंय ज्यावर दोघं दोन टोकांना जातील आणि आपलं म्हणणं पटवून द्यायला दोघांनाही पुस्तक पुन्हा उघडावं लागेल.

अटी थोड्याच. दोनशे पानांच्या आसपास, मूळ मराठीतलं, आणि बाजारात किंवा वाचनालयात मिळणारं. कादंबरीच हवी असं नाही. फक्त थोरामोठ्यांची चरित्रं नकोत, कारण तिथे सगळे आदराने गप्प बसतात.

आडवाटेचा

विश्राम बेडेकरांची 'रणांगण'. डोळे मिटून घ्या.

१९३९ साली आली, म्हणजे दुसरं महायुद्ध पेटलं त्याच वर्षी. युरोपातून मुंबईकडे निघालेली एक बोट. तिच्यावर घरी परतणारे हिंदी लोक आहेत आणि हिटलरच्या जर्मनीतून जीव घेऊन निघालेले ज्यू आहेत. ज्यूंना मुंबईत उतरता येणार नाही, त्यांना पुढे शांघायला जायचंय. व्हिसा नसतानाही शिरता येईल अशी तेव्हा जगात फार थोडी ठिकाणं उरली होती, त्यांपैकी ते एक. या बोटीवर चक्रधर विध्वंस नावाचा आपला मराठी तरुण आणि हॅर्टा ही ज्यू मुलगी एकमेकांच्या जवळ येतात. बोट बंदराला लागेपर्यंतचा वेळ, एवढाच काय तो त्यांचा.

चर्चा कुठे पेटते ते सांगतो. चक्रधर हा पूर्वीच्या प्रेयसीच्या, उमाच्या आठवणीने आधीच कडवट झालेला माणूस आहे. हॅर्टावर त्याचं प्रेम आहे, की तिला आपली गरज आहे हे त्याला आवडतंय? आमच्या गटात एका बाईंनी ठणकावून सांगितलं, हा माणूस भित्रा आहे, शब्द द्यायची वेळ आली की तो विचारात पडतो. त्यावर दुसऱ्याने विचारलं, त्या काळात पारतंत्र्यातल्या देशाचा एक तरुण एका निर्वासित मुलीला नेमका कसला शब्द देऊ शकत होता? दोघंही पानं काढून दाखवत होते, आणि गंमत म्हणजे दोघांच्या बाजूने मजकूर सापडत होता. प्रेम आणि राष्ट्र, व्यक्ती आणि जमाव हे सगळं त्या बोटीवर एकमेकांना खेटून उभं आहे आणि लेखक कुणाच्याही बाजूने निकाल देत नाही.

एकच विनंती. शेवट आधी कुणी सांगू नये, आणि हातातल्या प्रतीला प्रस्तावना असेल तर ती कादंबरीनंतर वाचावी.

खडूफळा

'रणांगण' उत्तमच. पण सावकाश वाचणारी मंडळी गटात आहेत म्हणता, तर मी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) सुचवीन. लहान वाक्यं, स्वच्छ निवेदन, आणि माणदेशातली धनगरांची वाडी डोळ्यांसमोर उभी राहते. मी खेड्यातल्या शाळेवर नोकरी केली आहे, त्यामुळे थोडा पक्षपाती आहे हे समजून घ्या.

बऱ्याच जणांच्या मनात ही कादंबरी "तरुण मास्तर येतो आणि गाव सुधारतं" अशी असते. पुन्हा वाचा. राजाराम मास्तर शाळा चालवता चालवता गावाच्या भानगडींत ओढला जातो, खटपट करून तालीम उभी करतो, आणि मग दुष्काळ येतो. त्याच्या सगळ्या धडपडीतलं शेवटी काय टिकलं? माझं मत विचाराल तर फार थोडं, आणि माडगूळकरांनी ते धीटपणे तसंच ठेवलं आहे. पण माझे एक मित्र, तेही मास्तरच, गेली कित्येक वर्षं याच्या बरोब्बर उलट बोलतात. मास्तर गावाला बदलायला आला आणि गावाने त्यालाच माणूस केलं, कादंबरी आहे ती ही, असं त्यांचं म्हणणं.

आणि ते शेकूच्या बायकोचं दृश्य. पेरणीच्या दिवसांत दुसरा बैल नाही म्हणून ती बाई स्वतः बैलाच्या जोडीला औताला जुंपून घेते. लेखक तिथे टाहो फोडत नाही, उपदेशही करत नाही. एवढंच पान सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा आणि थांबा. ही हिंमत आहे की गावाला लाज वाटावी अशी गोष्ट, यावर कॉलेजातली मुलं आणि तुमचे काका एकमताने बोलणार नाहीत.

वऱ्हाडी ठेचा

उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०). पानांची अट मोडते, तरी सांगतो. कौतिक ही मराठी कादंबरीतली सगळ्यात मोठी बाई आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. नवरा महादेव, शिंप्याचं घर, आणि ती एकटी संसार ओढतेय. संवाद वऱ्हाडीत आहेत. ठाण्याच्या मंडळींना पहिली काही पानं अडखळायला होईल, नंतर कान बसतो. गटात कुणी अमरावती-अकोल्याकडचं असेल तर त्यांच्याकडून वाचून घ्या, सोनं होईल.

माघारीण

मी पानांची अट बाजूला ठेवायला सांगणार नाही, पण तिच्यातून वाट काढते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', म्हणजे त्यांचं आत्मचरित्र. १९३४ पासून त्याचे भाग पुस्तकरूपात आले. पूर्ण पुस्तक जाडजूड आहे, मात्र संक्षिप्त आवृत्ती निघालेली आहे. किंवा पहिल्या बैठकीला फक्त धर्मांतरापर्यंतचा मजकूर घ्या.

हे थोर माणसाचं चरित्र नाही, म्हणून तुमच्या शेवटच्या अटीतही बसतं. सोवळ्याने पछाडलेले वडील, लहानपणी झालेलं लग्न, आणि नवरा म्हणजे कवी ना. वा. टिळक : हातातलं देऊन टाकणारा, मनात आलं की घरातून निघून जाणारा. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले. बायकोला आधी विश्वासात न घेता. पुढची काही वर्षं लक्ष्मीबाई वेगळ्या राहिल्या, मग नवऱ्याकडे परतल्या तरी सोवळं पाळत राहिल्या, आणि अखेर १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला.

तुमच्या बैठकीसाठी प्रश्न तयारच आहे. टिळकांनी न सांगता धर्म बदलला तो त्यांच्या विवेकाचा हक्क, की बायकोवर केलेला अन्याय? आमच्याकडे पुरुष मंडळी "हक्क" म्हणतील आणि बायका "अन्याय" असा माझा अंदाज होता. झालं वेगळंच. आमच्यातल्या सगळ्यात वयस्क आजी टिळकांच्या बाजूने उभ्या राहिल्या : "आधी सांगितलं असतं तर त्याला सोडलं असतं का कुणी?" आणि चाळिशीतला एक गृहस्थ इतका चिडला होता की त्याला टिळकांची कवितासुद्धा नको झाली. लक्ष्मीबाई स्वतः मात्र कुठेही गाऱ्हाणं मांडत नाहीत, उलट हसवतात. त्या हसण्यामागे राग आहे की क्षमा, यावरच आमचा उरलेला वेळ गेला.

मोठ्या टाइपाच्या काकूंसाठीही हे सोयीचं आहे. लक्ष्मीबाईंना जाऊन साठहून जास्त वर्षं झाली, त्यामुळे मजकूर आता स्वामित्वहक्कातून मोकळा आहे. अक्षर मोठं करून छापा, वाचून रेकॉर्ड करा, बिनघोर.

तिसरं वर्ष

मी तुमच्या "कॉलेजातल्या मुलां"पैकी नाही पण त्याच वयाची आहे. आमच्यासारख्यांना आवडणार नाही म्हणून जुनं टाळू नका, प्लीज.

ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' घ्या. १८८२ चं आहे, छोटंसं आहे, एका दिवसात होतं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली (पुढे ती शिक्षा काळ्या पाण्यावर आली), आणि वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर ताशेरे सुरू झाले. बुलढाण्याच्या ताराबाईंनी त्यावर हे लिहिलं. भाषा जुनी आहे, वाक्यं लांब आहेत, पण राग अगदी ताजा आहे. मी वसतिगृहात मैत्रिणींना काही पानं वाचून दाखवली तर एकीने विचारलं, "हे खरंच तेव्हाचं आहे?" मुद्दा असा, की त्या पतिव्रताधर्माला पूर्ण नाकारतात की पुरुषांनाच तो पाळायला लावतात? मला अजून ठरवता आलेलं नाही. कुणी वाचलं असेल तर खरंच सांगा.

बंदरावरची

हमीद दलवाई यांची 'इंधन' (१९६५) अजून कुणी कशी नाही सुचवली? कोकणातलं गाव, बऱ्याच वर्षांनी घरी परतलेला मुसलमान निवेदक, आणि गावातला हिंदू-मुसलमान तणाव हळूहळू कसा पेटत जातो ते. दलवाई स्वतः चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, त्यामुळे गाव बाहेरून पाहिलेलं नाही. लहान कादंबरी आहे. गटात एकमेकांवर विश्वास असेल तरच घ्या, नव्या गटाला मी देणार नाही.

पितळी समई

थोडा वेगळा सूर लावते. वाद व्हावा म्हणून पुस्तक निवडू नये असं मला वाटतं. दोन टोकं हवीत म्हटलं की माणसं पुस्तक सोडून स्वतःची मतं मांडायला लागतात. धर्म, बायका, शेतकरी यांवर प्रत्येकाकडे भाषण तयार असतं. मग पुस्तक वाचलेलं असो वा नसो, फरक पडत नाही.

आम्ही सिंगापूरला काही मराठी कुटुंबं मिळून वाचतो. आमच्याकडेही "छान आहे" पाशी गाडी अडायची. पुस्तकं तशीच ठेवून आम्ही बैठकीची रीत बदलली. आता ज्याने पुस्तक सुचवलं तो आठवडाभर आधी दोनच प्रश्न पाठवतो, आणि प्रश्न असे, की उत्तर देताना पानाचा आधार द्यावाच लागेल. "तुम्हाला पात्र आवडलं का" असं विचारायचं नाही. "हा माणूस या प्रसंगात गप्प का बसला" असं विचारायचं. दुसरं म्हणजे प्रत्येकाने आपल्याला न कळलेला एक परिच्छेद आणायचा. न कळलेलं सांगायला सगळे मोकळे असतात, त्यात कुणी मोठा-छोटा राहत नाही. या रीतीने आम्ही पु. शि. रेग्यांच्या 'सावित्री'वर, म्हणजे नुसत्या पत्रांतून उलगडणाऱ्या शांत, तरल पुस्तकावर, ठरलेल्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त बोललो.

आडवाटेचा

समईताई, पानाच्या आधाराचा नियम पटला, तो आम्हीही उचलतो. पण एक सांगतो. चांगल्या प्रश्नाला धरून ठेवायला पुस्तकातही काहीतरी लागतं. ज्या पुस्तकात लेखकाने सगळं आधीच ठरवून टाकलंय, चांगले ते चांगले आणि वाईट ते वाईट, तिथे कितीही नेमका प्रश्न विचारा, उत्तर एकच येतं. सोनटक्का यांची तक्रार मला त्या जातीच्या पुस्तकांबद्दलची वाटली. 'सावित्री' तशी नाही, म्हणूनच तुम्हाला बोलता आलं.

सोनटक्का

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा गटात वाचून दाखवला, तिथेच अर्धी चर्चा झाली.

या महिन्यात 'रणांगण' घेतोय. काकांनी ती तरुणपणी वाचलेली आहे आणि चक्रधरबद्दल आपलं मत पक्कं आहे असं त्यांनी जाहीर केलंय. तिशीतल्या एकीने लगेच सांगितलं की मग ती मुद्दाम दुसऱ्या बाजूने वाचणार. समईताईंचे दोन प्रश्न आणि न कळलेला परिच्छेद, दोन्ही लागू.

'स्मृतिचित्रे' त्यापुढच्या दोन बैठकांना. काकूंसाठी कॉलेजातली मुलगी आठवड्यातून एकदा त्यांच्या घरी जाऊन वाचून दाखवणार आहे. तिला स्वतःलाही जुनी मराठी मोठ्याने वाचायची सवय करायची आहे म्हणाली. 'इंधन' मला स्वतःला आत्ताच वाचायची आहे, गटाला जरा थांबून देईन. बंदरावरची यांचा इशारा पटला.

तिसरं वर्ष, तुमच्या प्रश्नाला गटातल्या शिक्षिका उत्तर लिहिणार आहेत, त्या आधी पुस्तक पुन्हा वाचतायत.

खडूफळा

छान ठरलं. एक व्यवहाराची गोष्ट : सगळ्यांच्या प्रती शक्यतो एकाच आवृत्तीच्या घ्या. वाचनालयातली जुनी प्रत आणि दुकानातली नवी प्रत यांचे पान क्रमांक जुळत नाहीत, आणि पानाचा आधार द्यायचा नियम केलात की निम्मा वेळ "कुठल्या पानावर?" यात जातो. ज्यांच्याकडे जुनीच प्रत आहे त्यांच्यासाठी प्रकरण आणि परिच्छेदाची पहिली दोन-चार अक्षरं सांगायची सवय लावा. आणि तुम्ही ठाण्याचेच आहात तर मराठी ग्रंथसंग्रहालयात आधी चौकशी करा, १८९३ पासूनची संस्था आहे, दोन-तीन प्रती तिथेच निघतील.