मदत हवी आहे: प्रशिक्षकांच्या आश्वासनावर कितपत विसंबावे?

माझी 8 वर्षांची मुलगी जिम्नॅस्टिक्स शिकते. तिची लवचिकता पाहून ती ऑलिंपिकपर्यंत नक्की पोहोचेल, असे सांगत प्रशिक्षकांनी सराव दुप्पट करण्याचा आग्रह धरला आहे. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये महिलांच्या आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्ससाठी साऱ्या जगातून केवळ 96 जागा होत्या आणि त्यासाठी त्या वर्षी वयाची 16 वर्षे पूर्ण व्हावी लागत होती. मग मधल्या 8 वर्षांत बदलणारी शरीरयष्टी, मनगटाच्या व कमरेच्या दुखापती, आणि मुख्य म्हणजे तिची आवड, यांची खात्री आजच कोण देऊ शकेल? बीमवर चालताना तिच्या चेहऱ्यावर उमटणारा आनंद मला जपायचा आहे. अनुभवी पालकांनी कृपया सांगावे, की या वयात आठवड्याला किती तास सराव पुरेसा असतो आणि प्रशिक्षकांना न दुखावता नकार कसा कळवावा?