सपोर्टच्या तिकिटांमुळे स्प्रिंट कोलमडतोय, तीन आठवड्यांचा करावा का?

अनुजा_डिलिव्हरी
मोटार विम्याच्या ग्राहकासाठी काम करणारी टीम आहे. सहा डेव्हलपर, दोन टेस्टर आणि एक बिझनेस अ‍ॅनालिस्ट, प्रॉडक्ट ओनरचं (काय आधी बनवायचं हे ठरवण्याचं) कामही त्याच्याकडेच. वॉटरफॉल (आधी सगळं डिझाइन, मग कोड, शेवटी टेस्टिंग) सोडून दोन आठवड्यांचे स्प्रिंट, म्हणजे ठरलेल्या मुदतीचे कामाचे छोटे टप्पे, सुरू केलेत. नवी फीचर्स आणि प्रॉडक्शनची (चालू सिस्टिममधल्या तक्रारींची) तिकिटं दोन्ही याच टीमवर. दर वेळी 40 पॉइंट (कामाच्या आकाराचा अंदाज) घेतले जातात, 20-22 पूर्ण होतात, बाकी स्पिलओव्हर, म्हणजे पुढच्या स्प्रिंटमध्ये. शेवटच्या दोन दिवसांत सगळं एकदम टेस्टिंगला येतं. स्टँडअप, म्हणजे रोजची छोटी बैठक, अर्धा-पाऊण तास चालतं. त्यात व्हेलॉसिटी (दर स्प्रिंटला पूर्ण होणारे पॉइंट) आता अप्रेझलच्या केआरएमध्ये, म्हणजे कामगिरीच्या निकषांत, आली आहे. स्प्रिंट तीन आठवड्यांचा केला तर फरक पडेल का?

बॅकलॉगवाला
नाही पडणार. ढीग तोच राहील, फक्त आठवडाभर उशिरा दिसेल. आधी कपॅसिटीचा हिशोब मांडा.

सहा जण गुणिले 10 दिवस म्हणजे 60 मनुष्यदिवस. स्प्रिंटची पद्धत सांगणाऱ्या स्क्रम गाइडमध्ये महिन्याच्या स्प्रिंटला प्लॅनिंग 8, रिव्ह्यू 4 आणि रेट्रो (स्प्रिंट कसा गेला याचा आढावा) 3 तास अशी कमाल मर्यादा आहे. दोन आठवड्यांना निम्मी धरली तर साडेसात तास. रोजची 15 मिनिटं मिळून अडीच तास, रिफाइनमेंटचे (पुढची कामं नीट समजून घेण्याचे) चारेक. माणशी जवळपास दोन दिवस गेले, म्हणजे 12 मनुष्यदिवस. रजेचे तीन वजा करा, उरले 45. सपोर्टला 15 जात असतील तर स्टोरींसाठी (फीचरच्या छोट्या तुकड्यांसाठी) 30 राहतात. तुम्ही 60 धरून 40 पॉइंट घेताय, त्यामुळे 20 होणं अगदी बरोबर आहे. सपोर्टचा 15 हा माझा अंदाज. तुमचा खरा आकडा काढायला दोन स्प्रिंट प्रत्येक तिकिटावर वेळ टाका, 15 मिनिटांवरचं काहीही सुटता कामा नये. पुढचा स्प्रिंट 20 पॉइंटचाच घ्या.

मग दर आठवड्याला दोन डेव्हलपर पाळीने सपोर्टवर बसवा आणि त्या आठवड्यात त्यांच्या नावावर एकही स्टोरी ठेवू नका. बाकी चौघांना हात लावायचा तो फक्त पी-1, म्हणजे सगळ्यात तातडीच्या तिकिटासाठी. हे मोडतं ते हमखास एकाच ठिकाणी: ग्राहकाकडची मंडळी ओळखीच्या डेव्हलपरला थेट टीम्स चॅटवर पिंग करतात, तो भिडेखातर काम करून देतो आणि त्याची कुठे नोंदच होत नाही. तिकीट नंबर नसेल तर काम नाही, हे ग्राहकाला तुम्ही स्वतः सांगायला हवं. ज्युनिअर पोरांना ते जमत नाही.

टेस्टकेस_ताई
शेवटच्या दोन दिवसांचा ढीग म्हणजे स्प्रिंटच्या आत दडलेला वॉटरफॉल. स्टोरी फार मोठ्या आहेत, त्यामुळे असं होतं. एक स्टोरी दोन-तीन दिवसांत टेस्टिंगला यायला हवी.

'पॉलिसी नूतनीकरण' ही स्टोरी बहुतेक जण स्क्रीन, एपीआय, डेटाबेस अशा तांत्रिक थरांत कापतात. मग तिन्ही जुळेपर्यंत टेस्टर हातावर हात ठेवून. ती व्यवहाराप्रमाणे कापा. पहिली स्टोरी: मुदत संपलेली नाही, आधीच्या वर्षी क्लेम झालेला, नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये सूट) शून्य, प्रीमियम भरला की पॉलिसी मिळाली. दुसरी: एक वर्ष क्लेम नाही, 20 टक्के नो क्लेम बोनस. तिसरी: पुढचे टप्पे, 25 पासून 50 टक्क्यांपर्यंत. चौथी: मुदत संपून 90 दिवस उलटले, बोनस रद्द. पहिली स्टोरी तिसऱ्या दिवशी टेस्ट करता येते, आणि हेच हवंय.

शिवाय बोर्डवर 'टेस्टिंगसाठी तयार' या कॉलमला तीनची मर्यादा घाला. तो भरला की डेव्हलपरने नवी स्टोरी उचलायची नाही, टेस्ट डेटा तयार करायला किंवा रिग्रेशन (जुनं काही बिघडलं नाही ना, याची टेस्ट) चालवायला बसायचं. पहिले काही दिवस कुरकुर होईल, होऊ द्या. '90 टक्के झालं' अशा स्टोरीला शून्य पॉइंट.

कानबान_नागपूर
सपोर्टची तिकिटं स्प्रिंटमध्ये कोंबूच नका, त्यांना कानबानचा (एका वेळी हातात किती काम, यावर मर्यादा ठेवणारा) वेगळा बोर्ड द्या. याचं गाजलेलं उदाहरण आपल्याकडचंच आहे: 2004-05 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत सॉफ्टवेअरची देखभाल करणारी हैदराबादची टीम. तिथे मोठा वेळ नव्या मागण्यांचे एस्टिमेट देण्यातच जात होता. एस्टिमेट बंद केले, हातातल्या कामावर मर्यादा घातली, आणि महिनोन् महिने लागणारी कामं काही आठवड्यांत होऊ लागली.

गणित लिटलच्या नियमाचं: उघडी कामं भागिले रोज बंद होणारी कामं म्हणजे सरासरी लागणारे दिवस. 24 तिकिटं उघडी असतील आणि रोज तीन बंद होत असतील, तर एका तिकिटाला सरासरी आठ दिवस लागतात. वेग तोच ठेवून उघडी तिकिटं 12 वर आणली की चार दिवस. नव्या माणसाची गरज नाही.

रेट्रो_रविवार
व्हेलॉसिटी केआरएमधून काढून घ्या, बाकी सगळं त्यानंतर. अप्रेझलला जोडली की तीन पॉइंटची स्टोरी दोन महिन्यांत पाचची होते आणि कोणी कोणाच्या स्टोरीला मदत करत नाही. मॅनेजमेंटला आकडा हवाच असेल तर पूर्ण टीमचा सायकल टाइम (काम सुरू होऊन संपेपर्यंतचा वेळ) आणि प्रॉडक्शनला निसटलेले डिफेक्ट द्या, माणशी नको.

स्टँडअप लांबतं कारण प्रत्येक जण मॅनेजरला हजेरी देतो. माणसांच्या क्रमाने न जाता बोर्ड उजवीकडून डावीकडे वाचा. जे कार्ड तीन दिवस हललं नाही त्याच्यावरच बोला. 15 मिनिटं झाली की थांबा, उरलेली चर्चा संबंधित दोघं-तिघं नंतर करतील.

अनुजा_डिलिव्हरी
मनापासून आभार. केआरएचं एचआरशी बोलते. एक अडचण आहे: कॉन्ट्रॅक्ट फिक्स्ड प्राइस आहे. स्प्रिंटच्या मध्ये ग्राहक नवी मागणी आणतो आणि जुनं काहीच सोडत नाही.

बॅकलॉगवाला
चेंज रिक्वेस्टच्या कलमात अदलाबदल घालून घ्या: जेवढ्या पॉइंटचं नवं आत येईल, तेवढं अजून सुरू न झालेलं बाहेर जाईल, किंमत तीच. काय बाहेर काढायचं हे ग्राहकाच्याच माणसाने ठरवायचं आणि तेही फक्त प्लॅनिंगच्या दिवशी. यासाठी त्यांच्या बाजूचा एकच निर्णय घेणारा माणूस कॉन्ट्रॅक्टमध्ये नावानिशी हवा. आज तुमचा बिझनेस अ‍ॅनालिस्ट प्रॉडक्ट ओनर म्हणून बसतोय, पण ग्राहकाला 'नाही' म्हणायचा अधिकार त्याच्याकडे नाही, म्हणून सगळं आत येतंय. यूएटीही, म्हणजे ग्राहकाने स्वतः करायची तपासणी, दर दुसऱ्या स्प्रिंटला करून घ्या. शेवटी एकदम ठेवली तर सहा महिन्यांच्या तक्रारी एकाच आठवड्यात येतील आणि त्या डिफेक्ट की चेंज यावर पेमेंट अडेल.