मदत हवी आहे: फेम्टोसेकंद लेसरने ग्रेटिंग लिहिताना कोरचा मध्य खोलीत कसा पकडता?

नमस्कार मंडळी,

इथे कोणी फोटॉनिक्सवाले असतील तर त्यांचा सल्ला हवा आहे.

भट्टीचं तापमान मोजायला फायबर ब्रॅग ग्रेटिंग करतोय, म्हणजे काचेच्या फायबरच्या कोरमध्ये (प्रकाश वाहणाऱ्या मधल्या गाभ्यात) समान अंतरावर खुणा, ज्या एक ठराविक तरंगलांबी परत फिरवतात. यूव्ही लेसरने लिहिलेली नेहमीची ग्रेटिंग काहीशे अंशांतच पुसट व्हायला लागतात, म्हणून फेम्टोसेकंद, म्हणजे अतिशय छोट्या पल्सचा लेसर. ८०० नॅनोमीटरचा लेसर, सेकंदाला १००० पल्स, साधं सिंगल मोड फायबर. पद्धत बिंदू-बिंदूची, म्हणजे एका पल्सला कोरमध्ये एक ठिपका. अ‍ॅस्टन विद्यापीठाच्या गटाने २००४ मध्ये दाखवली तीच. ओटावाच्या गटाने २००३ मध्ये फेज मास्क (ग्रेटिंगचा नमुना पाडणारी खाचांची काचपट्टी) वापरला होता, पण त्यात वेगळ्या तरंगलांबीसाठी बहुधा मास्कच बदलावा लागतो. इथे नुसता स्टेजचा वेग बदलला की झालं.

गणित जुळतंय. १५५० नॅनोमीटरला ठिपक्यांमधलं दुसऱ्या ऑर्डरचं (किमान लागणाऱ्याच्या दुप्पट) अंतर १.०७ मायक्रॉन येतं, म्हणून स्टेजचा वेग सेकंदाला १.०७ मिलिमीटर. ४ मिलिमीटरचं ग्रेटिंग चार सेकंदांच्या आत लिहून होतं. ट्रान्समिशनमधली डिप (परावर्तित तरंगलांबीला पडणारा खड्डा) हवी तिथेच येते, साधारण १२ डेसिबल, म्हणजे जवळजवळ ९४ टक्के परावर्तन.

अडचण पुढे आहे. मुख्य डिपच्या डावीकडे, कमी तरंगलांबीच्या बाजूला, कंगव्याच्या दातांसारख्या बारीक डिप्सची रांग दिसते आणि एकूण ट्रान्समिशनही दीडेक डेसिबलने खाली बसतं. मला एकाच फायबरवर ओळीने बरीच ग्रेटिंग हवी आहेत. एकाचा कंगवा शेजारच्याच्या शिखरावर आला की वाचन बिघडतं.

माझा अंदाज असा की ठिपका मध्यावर बसत नाहीये. कोर जेमतेम ८ मायक्रॉनचा, ठिपका त्याहून कितीतरी लहान. तो जरा बाजूला सरकला की प्रकाश क्लॅडिंग मोडमध्ये, म्हणजे कोरभोवतीच्या काचेत, जाणारच. आडव्या दिशेने कोर कॅमेऱ्यात दिसतो, तिथे काळजी नाही. खोलीचंच कळत नाही. फायबरच्या गोलाईने फोकस बिघडू नये म्हणून कव्हर ग्लासखाली इंडेक्स मॅचिंग (काचेइतक्याच अपवर्तनांकाचं) तेल घालतो, पण कोर आणि क्लॅडिंगच्या अपवर्तनांकात फरकच इतका थोडा की तेलात कोरची कड धड दिसत नाही.

पल्सची ऊर्जा कमी करून पाहा, असं कृपया सुचवू नका. दात कमी होतात हे खरं, पण मग टाइप वन ग्रेटिंग (काचेत सौम्य बदल) मिळतं आणि ते ॲनीलिंगमध्ये, म्हणजे तापवून ठेवल्यावर, विरून जातं. हजार अंशांच्या आसपास टिकायचं तर टाइप टूच (काचेला कायमची इजा करणारं) लागणार.

तुम्ही खोली कशी ठरवता? कोरमध्ये लाल प्रकाश सोडून विखुरण बघत फोकस लावता, की वेगवेगळ्या खोलीवर छोटी ग्रेटिंग लिहून ज्याचा कंगवा सर्वांत कमी ती खोली धरता? दुसऱ्या मार्गात प्रत्येक फायबर नव्याने बसवल्यावर सगळं पुन्हा करावं लागेल, ही भीती आहे.

आणि कोणी ठिपक्यांऐवजी कोरच्या आरपार रेघा ओढून, लाइन-बाय-लाइन, लिहिलं आहे का? वेळ बराच जास्त लागेल हे मान्य, पण क्लॅडिंगचे दात खरोखर दबतात का, आणि टाइप टू ठेवूनही प्रकाशाचं नुकसान आवाक्यात राहतं का, एवढं प्रत्यक्ष केलेल्याकडून कळलं तरी पुष्कळ होईल. स्पेक्ट्रमचे आलेख हवे असतील तर प्रतिसादात चढवतो.