मोठ्या नावाचं कॉलेज की आवडीचा विषय?

सांजवारा:
मुलीला दोन ठिकाणी अॅडमिशन मिळतेय. एका कॉलेजचं नाव काढलं की समोरचा लगेच "अरे वा" म्हणतो, पण तिथे मिळतोय तो विषय तिला नकोय. दुसरं कॉलेज फारसं कुणाला माहीत नाही, पण तिथे तिला हवं तेच मिळतंय, स्टॅटिस्टिक्स. नवऱ्याचं म्हणणं, आधी नाव घे, विषय काय नंतरही बदलता येतो. माझं मत उलट आहे. रोज सकाळी उठून नको असलेलं शिकायचं आणि त्याच्यावर पुढचं करिअर उभं करायचं, हे मला पटतच नाही.

आम्ही दोन्हीकडे जाऊन आलो. मोठ्या कॉलेजच्या लॅबमधे कॉम्प्युटरांवर प्लास्टिकची कव्हरं, त्यावर बोट फिरवलं तर धूळ. छोट्या कॉलेजच्या लायब्ररीत मी मुद्दाम तिच्या विषयाची चार पुस्तकं काढून मागच्या पानावरच्या तारखांच्या चिठ्ठ्या बघितल्या, अगदी मागच्या महिन्यापर्यंतचे शिक्के होते आणि एकात तर समासात कुणीतरी पेन्सिलीने अख्खं गणित सोडवलेलं. मला ते बघून फार बरं वाटलं. तुम्हाला काय वाटतं?

कातळवाट:
सॉरी पण असहमत. मी बरीच वर्षं भरतीचं काम करतो. एका जागेला शेकडो अर्ज येतात, पहिल्या चाळणीत एका अर्जाला मिनिटभरही मिळत नाही आणि तेवढ्यात नजर जाते कॉलेजच्या नावावर. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही पण होतं हेच. आणि हा फक्त माझा अनुभव नाहीये. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांचा २०२३ चा अभ्यास आहे, हार्वर्ड, स्टॅनफर्ड, एमआयटी वगैरे अमेरिकेतली १२ कॉलेजं. वेटलिस्टवरची मुलं घेतली, कुणाला शेवटी प्रवेश मिळाला कुणाला नाही. मिळालेल्यांची कमाईत सगळ्यात वरच्या १ टक्क्यात पोचण्याची शक्यता जवळपास दीडपट आणि नामांकित कंपनीत लागण्याची तिप्पट. तारखांच्या चिठ्ठ्या बघून हे कळत नाही.

निळीशाई:
@कातळवाट अभ्यास बरोबर सांगितलात पण अर्धाच. त्यातच असंही आहे की सरासरी कमाईत फारसा फरक पडत नाही, फरक पडतो तो अगदी वरच्या टोकाला. स्टेसी डेल आणि अॅलन क्रूगर यांनी २००२ मधे १९७६ ला कॉलेजात गेलेल्या मुलांचा अभ्यास छापला, ज्यांनी सारख्याच तोलाच्या कॉलेजांत अर्ज केले आणि जे सारख्याच ठिकाणी निवडले गेले त्यांची कमाई पुढे साधारण सारखीच निघाली, मग ते मोठ्या कॉलेजात गेले असोत की कमी नावाजलेल्या. म्हणजे धडपड मुलाची होती, कमानीवरच्या नावाची नाही. सांजवारा ताई तुम्ही अगदी बरोबर बघताय.

आणि रँकिंगचे आकडे तर नीट पारखून घ्या. कोलंबिया विद्यापीठाच्या आकड्यांवर २०२२ मधे तिथल्याच गणिताच्या प्राध्यापकांनी, मायकेल थॅडियस यांनी, जाहीर शंका काढली आणि त्याच वर्षी ते एका गाजलेल्या यादीत २ वरून १८ वर आलं. शिकवणं काही एका वर्षात एवढं बिघडत नाही ना!

कातळवाट:
@निळीशाई आता तुम्ही अर्धं सांगितलंत. डेल-क्रूगरच्याच अभ्यासात कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना मोठ्या कॉलेजचा फायदा झालेला दिसतो. का ते मला विचारा. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. कुणाला फोन करायचा, इंटरव्ह्यूत काय बोलायचं, हे सांगणारं घरात कुणी नव्हतं, मला ते सगळं होस्टेलच्या मित्रांकडून मिळालं, अगदी पहिला रेझ्युमे पण रूममेटनेच समोर बसून दुरुस्त करून दिला. ज्यांच्या घरात आधीच ओळखी आहेत त्यांनी आवडीच्या गोष्टी कराव्यात. ताई, स्टॅटिस्टिक्सच्या क्षेत्रात तुमच्या ओळखीचं कुणी आहे का?

सांजवारा:
नाही. कुणीच नाही. हा प्रश्न मला सुचलाच नव्हता आणि तो खरंच मोठा आहे.

पाऊलखूण:
मी शिकवते, म्हणून थोडं लिहिते. कातळवाट दादांचा ओळखींचा मुद्दा शंभर टक्के मान्य, पण ओळखी फक्त मोठ्या नावातच मिळतात हे मान्य नाही. २०१४ मधे गॅलप ही सर्वेक्षण करणारी कंपनी आणि पर्ड्यू विद्यापीठ यांनी अमेरिकेतल्या ३०,००० पदवीधरांना विचारलं होतं. कॉलेज कुठल्या प्रकारचं यापेक्षा, काळजी घेणारा शिक्षक, विषयाची गोडी लावणारा शिक्षक आणि स्वप्नांना बळ देणारं कुणी मिळालं का, याचा पुढे कामात मन लागण्याशी जास्त संबंध दिसला. छोट्या वर्गात विद्यार्थी मला नावाने माहीत असतो, शिफारसपत्रात मी त्याच्याबद्दल दोन खऱ्या ओळी लिहू शकते, मोठ्या वर्गात ते खूप अवघड जातं.

फक्त प्लेसमेंट विचाराल तेव्हा सरासरी पॅकेज विचारू नका. एका मुलाला प्रचंड ऑफर आली की सरासरी फुगते. मध्यक विचारा, म्हणजे बरोब्बर मधल्या मुलाला काय मिळालं. आणि टक्केवारी कशातली, सगळ्या वर्गातली की फक्त नाव नोंदवलेल्यांतली? विषय बदलायचा नियमही लेखी मागा.

सांजवारा:
आज दोन्हीकडे फोन केले. मोठ्या कॉलेजात विषय बदलतो तो पहिल्या वर्षाच्या मार्कांवर आणि तोही जागा रिकामी झाली तरच, गेल्या वर्षी एकही झाली नाही म्हणे. नवऱ्याला स्पीकरवर ऐकवलं, तो गप्प बसला. छोट्या कॉलेजने मध्यक सांगितला नाही, पण मागच्या बॅचच्या तीन मुलींना विचारून त्यांचे नंबर देतो म्हणाले आणि शनिवारी लेकीला दुसऱ्या वर्षाच्या तासाला बसू देणार आहेत. कातळवाट दादा, त्या तिघींना काय काय विचारू, तेवढं सांगाल का?