देज परत मागणाऱ्या पंचांच्या बैठकीला निवारागृहाच्या प्रमुखांनी जावं का?

सातपुडा_पायथा
नंदुरबारच्या धडगाव, अक्कलकुव्याकडची आदिवासी बाई दोन लेकरं घेऊन निवाऱ्यात येते. आठवडा होत नाही तोच सासरहून निरोप: देज परत करा, पंचांसमोर बसा, मग बाई मोकळी. (देज म्हणजे लग्नात मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला दिलेली रक्कम.) अनेक संस्थांच्या प्रमुख अशा बैठकीला जातात. माझं मत, जाऊ नये.

हिंदू विवाह कायदा कलम २(२) मुळे अनुसूचित जमातींना लागू नाही. त्यामुळे फारकत रूढीने होते, पंचांच्या शब्दाला वजन येतं, हे मान्य. पण संरक्षणासाठी फारकत लागतच नाही. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी फॉर्म १ मध्ये घटना अहवाल भरतात, कलम १२चा अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे जातो. विधी न करता नांदायला गेलेल्या बाईलाही तो करता येतो.

बैठकीत मात्र प्रमुख 'बघू, काहीतरी देऊ' म्हणाल्या की संस्था जामीन झाली. त्याहून वाईट म्हणजे पंचांच्या कागदावरची 'दोघं राजीखुशीने वेगळे राहतात' ही ओळ. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये परस्पर संमतीने वेगळं राहणाऱ्या पत्नीला पोटगी नाही. समोरचा वकील तीच ओळ पुढे करतो.

पाड्यावरची
ताई, कायदा बरोबर मांडलात. पण देजेचा तगादा निवाऱ्यावर येत नाही, तो तिच्या बापाच्या दारात जातो. भाऊ वैतागतो आणि शेवटी माहेरचेच तिला न्यायला येतात. हातात दंडाधिकाऱ्यांचा आदेश असूनही बाई परत जाते, ती या दबावाने. बैठक टाळली तरी ती होतेच, फक्त तिच्या बाजूने बोलणारं कोणी नसतं.

जावं, पण तयारीने. आधी संरक्षण अधिकाऱ्यांना लेखी कळवावं. पावरी (तिकडची आदिवासी बोली) बोलणारी कार्यकर्ती सोबत हवी, कारण खरी बोलणी मराठीत होत नाहीत. बाईने यायचं की नाही हे तिनेच ठरवावं. कागद आधी पावरीत मोठ्याने वाचायचा, मग अंगठा. 'राजीखुशीने' ऐवजी 'मारहाणीमुळे घर सोडलं' असं लिहून घ्यायचं. पंच अडतात, तासन्‌तास अडतात, पण त्या शब्दावर ठाम राहायचं. देजेच्या आकड्यावर प्रमुखांनी अक्षर बोलू नये.

माडिया_वाट
डाकीण ठरवून हाकललेल्या बाईच्या बाबतीत बैठकच नको. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे, शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं. तिथे आधी पोलीस. समझोत्याला बसलं की 'ती डाकीण नाही' हेच सिद्ध करायची वेळ तिच्यावर येते. वाळीत टाकायची धमकी असेल तर २०१६चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदाही आहे.

कागदवाली
दोघींचं बरोबर असलं तरी बैठकीतून मिळवायची मुख्य गोष्ट राहून जाते आहे: कागद. मुलांचा जमातीचा दाखला बापाकडच्या पुराव्यावर निघतो. त्याच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत आज नाही मिळाली तर पुढे आश्रमशाळेपासून शिष्यवृत्तीपर्यंत सगळं अडतं. सोबत आधार, मुलांचे जन्मदाखले, रेशनकार्डावरून नाव कमी करायला संमती आणि सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी झाली असेल तर तिचं कार्ड. घाईत निघालेल्या बाईच्या या आजारावरच्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्याही मागेच राहतात, पण त्यासाठी बैठकीची वाट पाहू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यातून सुरू कराव्यात.

आणखी एक. १२ वर्षांवरच्या मुलाला शक्ती सदनात (सरकारी योजनेतलं महिलांचं निवारागृह) आईजवळ ठेवता येत नाही. तो सासरी राहिलेला असतो आणि पंच त्याच्यावरच डाव टाकतात. 'पोरगा पाहिजे तर परत ये.' बालकल्याण समितीकडे अर्ज बैठकीच्या आधी गेलेला असावा.

सातपुडा_पायथा
'मारहाणीमुळे' हा शब्द आणि कागदांची यादी, दोन्ही पटलं. म्हणजे कोणीतरी जायला हवं, एवढं मी मागे घेते. पण प्रमुखांनी नव्हे. त्यांचा चेहरा आणि संस्थेची जीप एकदा गावाने पाहिली की निवाऱ्याचा पत्ता फुटायला एक बाजाराचा दिवस पुरतो, आणि आत आणखी बायका असतात. गेलेल्या कार्यकर्तीने एसटीने जावं, परतताना थेट निवाऱ्यावर न येता आधी संरक्षण अधिकाऱ्यांच्या कार्यालयात उतरावं. रकमेबद्दल विचारलं तर 'मला अधिकार नाही' हे तिला खरेपणाने सांगता येतं. प्रमुखांना ते म्हणता येत नाही.

पाड्यावरची
एसटी दुपारी सुटली तर परतीला गाडी नसते आणि बैठका रात्रीपर्यंत चालतात. मुक्काम कुठे, हे आधी ठरवा. सासरच्या पाड्यावर नकोच.